वाड्यावरच्या कोपेलसाठी चित्र काढताना: हेतू, सौंदर्य आणि श्रद्धा

प्रश्न विचारणार: रंगशिक्षिका, सासष्टी

नमस्कार. मी मूळची वसईची असून लग्नानंतर गोव्यातील सासष्टीत स्थायिक झाले आहे आणि शाळेत चित्रकला शिकवते. पवित्र मरिया डोंगराळ प्रदेशात राहणाऱ्या आपल्या नातलग एलिझाबेथच्या भेटीला जाते, त्या प्रसंगाचे मोठे चित्र आमच्या वाड्यावरच्या, म्हणजे गावातल्या आमच्या वस्तीच्या, कोपेलमध्ये (छोट्या प्रार्थनामंदिरात) लावायचे ठरले असून ते काम माझ्याकडे आले आहे. हा प्रसंग चारांपैकी केवळ लूकच्या शुभवर्तमानात आहे, आणि लूकला परंपरेने चित्रकारांचा आश्रयदाता संत मानले जाते, म्हणून मला या कामाचा विशेष आनंद वाटतो.

वाड्यावरील काही मंडळींना छापील तसबिरीतल्यासारखे गोरे, गुळगुळीत चेहरे हवे आहेत. मला मात्र त्या दोघी इथल्याच बायका वाटतात: एक उतारवयात गरोदर राहिलेली, चेहऱ्यावर उन्हापावसाच्या खुणा असलेली, आणि दुसरी लांबचा रस्ता चालून थकलेली तरुण मुलगी. पण याहून खोल शंका अशी आहे की, मी मनापासून प्रार्थना करून चित्र काढले आणि ते चित्र म्हणून दुबळे ठरले, तर त्या शुद्ध हेतूने ते अर्पण करण्यास पात्र होते का? उलट, रेषा आणि रंग उत्तम साधावेत म्हणून मी झटत राहिले, तर ती देवाची सेवा ठरते की माझ्याच नावाची? चित्रावर सही करावी की नाही, इथपर्यंत माझे मन अडखळते आहे. या विषयाचा विचार केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: वाचक, पर्वरी

ताई, आपल्या शंकेला शास्त्रात फार जुने उत्तर आहे आणि ते कारागिराच्या बाजूचे आहे. बायबलमधील निर्गमाच्या 31व्या अध्यायात परमेश्वर निवासमंडपाच्या (उपासनेच्या पवित्र तंबूच्या) कामासाठी बसालेल या कारागिराला नावाने बोलावतो आणि त्याला देवाच्या आत्म्याने भरतो. हा आत्मा त्याला सोने, रुपे व पितळ घडवण्याचे, रत्ने कोंदणात बसवण्याचे आणि लाकूड कोरण्याचे कसब देतो. म्हणजे हातातील कौशल्य हेच तिथे आत्म्याचे दान म्हणून वर्णिलेले आहे. त्यामुळे हेतू शुद्ध आहे, मग रेषा कशीही चालेल, हा विचार मला पटत नाही. ज्याचा हेतू खरा आहे तो चुकलेला हात पुसून पुन्हा काढतो, आणि त्याच्या हेतूची साक्ष त्या पुन्हा काढण्यातच असते.

अहंकाराच्या भीतीबद्दल बेथानीतील त्या स्त्रीकडे पाहावे. मार्कच्या 14व्या अध्यायात ती मौल्यवान जटामांसी तेलाची कुपी फोडून येशूच्या मस्तकावर ओतते, तेव्हा जवळचेच लोक म्हणतात की हे तीनशे दीनारांहून अधिक किमतीचे तेल विकून गरिबांना देता आले असते, ही नासाडी कशाला. येशू तिची बाजू घेतो आणि तिच्या कृत्याला उत्तम म्हणतो. तिने मोजमाप केले नाही, अर्धी कुपी राखून ठेवली नाही. चित्रकाराने आपल्याजवळचे सगळे कौशल्य ओतणे हे मला त्याच जातीचे वाटते. अहंकार शिरतो तो आपण पाहणाऱ्याला विसरून केवळ आपल्या हाताकडे पाहू लागतो तेव्हा.

चेहऱ्यांच्या प्रश्नावर चर्चची भूमिका अगदी स्पष्ट आहे. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली उपासनाविधीविषयी जो दस्तऐवज काढला, त्यात चर्चने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून स्वीकारलेली नाही, असे नमूद केले असून पवित्र कलेत नुसत्या डामडौलापेक्षा उदात्त सौंदर्याचा शोध घ्यावा, असे सांगितले आहे. आपल्या गोव्यात हा शोध त्याच्या कितीतरी आधी सुरू झाला होता. सांत इस्तेव्हमध्ये 1902 साली जन्मलेले आंजेलो दा फोन्सेका शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्या सहवासात शिकले आणि त्यांनी मरियेला साडी नेसवली. गोव्यात त्या चित्रांना विरोध झाला, ते पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून काम करत राहिले आणि 1967 साली पुण्यातच निवर्तले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज आमच्या पर्वरीतील झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे आहे. ती चित्रे पाहताना मला साडीपेक्षा मरियेची बसण्याची रीत जास्त जाणवते. तिथे वेशांतर केलेली युरोपीय स्त्री दिसत नाही, कारण चित्रकाराने इथल्या स्त्रीचे बसणे-उठणे आधी प्रेमाने पाहिले होते. आपणही एलिझाबेथच्या चेहऱ्याचा वर्ण ठरवण्याआधी इथली म्हातारी बाई पाहुण्याला उंबऱ्यावर कशी सामोरी जाते, ते पुष्कळ वेळ पाहावे, अशी माझी सूचना आहे.

उत्तर: लाकूडकाम, फोंडा

मी ख्रिस्ती नाही. आमच्या घराण्यात देव्हारे, मखरे आणि चर्चचे आल्तार (वेद्या) अशी तिन्ही कामे चालत आली आहेत. म्हणून तत्त्वज्ञान वरील जाणकारांवर सोपवून मी हाताच्या कामाबद्दल लिहितो.

जुन्या आल्तारावरील सोन्याचे काम जवळून पाहिले, तर लाकडावर खडू आणि सरस यांचे अनेक पातळ थर दिलेले असतात. प्रत्येक थर वाळवून घासलेला असतो, त्यावर तांबड्या मऊ मातीचा लेप असतो आणि त्यावर सोन्याचा वर्ख लावून तो घोटलेला असतो. संतांच्या मूर्तींच्या वस्त्रांवर तर कित्येकदा वर्खावर रंगाचा थर देऊन तो बारीक टोकाने खरवडतात, म्हणजे खालचे सोने नक्षी होऊन उमटते. देवळांच्या भिंतींवरील कावी कामात तांबडा थर खरवडून खालचा पांढरा चुना दाखवतात, तो हात याच्याशी फार जवळचा आहे. सोळाव्या शतकात ख्रिस्ती प्रतिमा हिंदू कारागिरांकडून करवून घेण्यास मनाई झाली होती, तरी कामे होत राहिली, आणि कित्येक जुन्या चर्चमधील प्रवचनपीठे आजही नागिणींच्या आकृतींनी तोललेली दिसतात. सतराव्या शतकातील हस्तिदंती उत्तम मेंढपाळही, म्हणजे मेंढपाळाच्या रूपातील येशूची मूर्तीही, अशीच आहे. बाळ येशू डोळे मिटून, गाल हातावर टेकवून कड्यावर बसलेला, खाली झऱ्यावर पाणी पिणारी मेंढरे आणि तळाशी गुहेत पहुडलेली येशूची शिष्या माग्दालेना. त्या मिटलेल्या डोळ्यांत ध्यानाला बसलेल्या बुद्धाची छाया अनेक अभ्यासकांना दिसते. घडवणाऱ्याची स्वतःची श्रद्धा कोणती होती ते आज सांगता येत नाही. पण समोर कोणी तरी गुडघे टेकणार आहे, हे त्याने पूर्ण ध्यानात ठेवले होते, हे नक्की सांगता येते.

माझ्या दृष्टीने हेतूचा अर्थ हाच आहे. आल्तारावरची मूर्ती खालून पाहिली जाते, म्हणून तिची मान थोडी पुढे झुकवावी लागते आणि पापण्या जास्त खाली घ्याव्या लागतात, नाहीतर खाली बसलेल्या माणसाला ती आपल्या डोक्यावरून पाहत असल्यासारखी वाटते. आपले चित्र किती उंचीवर लागणार आहे, उजेड कोणत्या खिडकीतून येणार आहे आणि मागच्या बाकावरून काय दिसणार आहे, हे कोपेलमध्ये बसून आधी पाहावे.

उत्तर: बार्देशकर

वरील दोन्ही उत्तरे मला आवडली, तरी एक बाजू सुटली आहे, ती अत्यंत आदराने मांडतो. वाड्यावरील मंडळींना छापील तसबिरीसारखा चेहरा हवा असेल, तर त्यांना सौंदर्याची जाण नाही असे मानू नये. त्या फिकट झालेल्या तसबिरीसमोर त्यांनी आजारपणात, परदेशी गेलेल्या मुलांसाठी, पावसात अडकलेल्या होड्यांसाठी लादिने (सामूहिक प्रार्थना) म्हटली आहेत. प्रतिमेला दिलेला मान मूळ व्यक्तीपर्यंत पोहोचतो, असे चर्चच्या नायसिया येथील दुसऱ्या परिषदेने 787 साली म्हटले आहे, आणि तो मान तसबीर स्वस्त आहे म्हणून वाटेत थांबत नाही. तेव्हा जुनी तसबीर काढून टाकू नये, बाजूच्या भिंतीवर मानाने ठेवावी. शिवाय कच्ची रेखाटने सुरुवातीलाच वाड्यावरील वृद्ध बायकांना दाखवावीत. एलिझाबेथचे वय त्यांनी जगलेले आहे आणि त्यांचा शब्द चित्राला उपयोगी पडेल.

रंगशिक्षिका, सासष्टी

सर्वांची मी अत्यंत आभारी आहे. बार्देशकरांची सूचना मला फार मोलाची वाटते, कारण रेखाटने दाखवणे मला आतापर्यंत केवळ परवानगी मिळवण्याचा भाग वाटत होते. चेहरे इथल्याच बायकांचे राहतील, परंतु मरियेच्या निळ्या वस्त्राची ओळख मी सोडणार नाही, म्हणजे तसबिरीसमोर वाढलेल्यांना ती परकी वाटणार नाही. सही मी मागच्या बाजूला करीन. आता एकच व्यावहारिक प्रश्न उरतो. कोपेलची भिंत जुन्या चिऱ्यांची असून पावसाळ्यात तिला ओल येते, तर तैलचित्र टिकावे म्हणून काय करावे?

उत्तर: लाकूडकाम, फोंडा

चिऱ्याच्या भिंतीला चित्र कधीही चिकटवून लावू नये. मागे लाकडी ठोकळे देऊन दोन-तीन बोटांची फट ठेवावी, म्हणजे हवा खेळती राहील. कॅनव्हासच्या अस्तरासाठी, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थरासाठी, सरस वापरू नये, कारण आपल्या पावसाळ्यात तो ओल धरतो आणि त्यावर बुरशी येते; त्याऐवजी अ‍ॅक्रिलिकचे तयार अस्तर घ्यावे. रंग पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे किमान सहा महिने, शेवटचे व्हार्निश लावू नये. समोर काच लावल्यास खिडकीचे प्रतिबिंब पडून चेहरे दिसणार नाहीत, म्हणून काच टाळावी आणि मेणबत्त्यांची ओळ चित्रापासून दूर ठेवण्यास पाद्रींना सांगावे. चित्र उंचावर लागणार असेल, तर वरची कड भिंतीपासून थोडी अधिक पुढे घ्यावी. त्यामुळे व्हार्निशवरची चकाकी कमी होते आणि पहिल्या बाकावरच्यालाही दोघींचे चेहरे नीट दिसतात.