हंगामाच्या सणात लिलावच उरलाय, उपकारस्तुती कशी परत आणावी?

पाराजवळचा_पंच

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

आमची मंडळी तालुक्याच्या गावातली, साधारण 90 घरं. निम्मे शेतीवाले, बाकी शिक्षक, नर्स, ड्रायव्हर. पंधरा-वीस घरं ऊसतोडीला जाणारी. हंगामाचा सण, म्हणजे पिकाबद्दल देवाचे उपकार मानायची (उपकारस्तुतीची) भक्ती आणि मग लोकांनी चर्चमध्ये आणलेल्या मालाचा लिलाव, नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी असतो. पंच कमिटीपुढे तीन अडचणी आहेत.

सणाची भक्ती तासाभरात आटोपते आणि लिलाव अडीच तास चालतो. भोपळा दीड हजाराला जातो, आणि तो कोणी घेतला एवढंच वर्षभर लक्षात राहतं. दुसरं, रविवारी साक्षीच्या (देवाने आपल्यासाठी काय केलं ते सभेत सांगण्याच्या) वेळेला तेच चार जण उठतात, एकेकाची पंधरा मिनिटं. तिसरं, कार्यक्रमाच्या शेवटी आभार मानताना एखादं नाव राहिलं की ते घर महिनाभर चर्चची पायरी चढत नाही.

पाळकसाहेब (आमचे पास्टर) म्हणतात, उपकारस्तुतीवर चार रविवार संदेश देतो. आम्हाला वाटतं रीतच बदलायला हवी. कशी, ते सांगा. वचनं पाठ आहेत, कृती हवी आहे.

खजिन्याची_वही

पंचसाहेब, सलाम. लिलाव बंद करू नका, फक्त त्याची जागा बदला.

वचनं पाठ आहेत म्हणता, तर बायबलच्या अनुवाद या पुस्तकातला 26वा अध्याय पुन्हा वाचा, पण या वेळी कार्यपद्धती म्हणून. पहिलं पीक टोपलीत आणायचं, याजकाने ते वेदीपुढे ठेवायचं, आणि मग आणणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं: आम्ही मिसरात (इजिप्तमध्ये) होतो, तिथून काढून देवाने इथे आणलं, म्हणून हे पीक. आपल्याकडे टोपली राहिली आणि तोंडचे शब्द गेले. त्यांच्या जागी बोली आली.

म्हणून शनिवारी 4 ते 7 या वेळात सगळा माल स्वीकारा. वजनाला दोन जण, एकाच घरातले नकोत. पावती फाडा, पण देणाऱ्याचं नाव वस्तूवर लावू नका. ओली बाजरी प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर राहिली तर गरम होऊन कुबट वास धरते, तेव्हा बारदानात भरा आणि पोती फरशीवर न ठेवता फळ्यांवर ठेवा.

रविवारी वेदीपुढे प्रत्येक घराने फक्त ओंजळभर धान्य आणायचं. सगळ्यांची एकच पाटी. ओंजळ ओतताना एकच वाक्य बोलायचं, "या वर्षी देवाने..." एवढ्यावरून सुरू होणारं. दोन रांगा केल्या तर 90 घरं पंचवीस मिनिटांत होतात. ज्यांना पीक नाही त्यांच्यासाठी दाराशी बाजरीचं पोतं उघडून ठेवा, त्यातली ओंजळ घेऊन पुढे यावं. "उसनी बाजरी देवाला कशी?" असं कोणी ना कोणी विचारणारच. 1 इतिहास 29:14 दाखवा, दावीदही तेच म्हणतो: तुझ्याच हातचं तुला दिलं. दहा एकरवाल्याची आणि ड्रायव्हरची ओंजळ एकाच मापाची होते, हा यातला खरा फायदा.

विधवा, आजारी आणि बोर्डिंगातली मुलं यांचा वाटा लिलावाच्या आधी काढा. नंतर काढला की लोळलेली मेथी आणि फुटका भोपळा तेवढा तिकडे जातो. गरिबांसाठी शेताचा कोपरा न कापता सोडायचा हा लेवीय 19 मधला नियम कापणीच्या वेळचा आहे, मळणीनंतरचा नाही.

लिलाव आशीर्वादानंतर, बाहेर मांडवात. आधी पालेभाजी आणि अंडी, कारण उन्हात तीच आधी जातात. एकट्या भोपळ्यावर बोली लावायचीच नाही. तीन-चार घरांचा माल एकत्र करून पाट्या भरा: भोपळा, दोन किलो कांदा, मेथीची जुडी. कोणाचा भोपळा कितीला गेला हा हिशेबच उरत नाही. धान्यावर बोली नको, बाजार समितीच्या त्या दिवसाच्या भावाने किलोवर विका. संपवायची वेळ आधीच जाहीर करा. पाऊण तास पुष्कळ झाला.

आणि रोख किंवा फोनवरून पैसे आल्याशिवाय पाटी उचलू द्यायची नाही. उधारीची बोली खजिनदार जमेत धरतो, पैसे येत नाहीत, वार्षिक सभेत थकबाकीदार म्हणून नाव वाचलं जातं आणि एक घर तुटतं. ज्या सणाने माणसं जोडायची, त्याच सणाने ती तुटतात. जमा रक्कम त्याच दिवशी दोघांनी मोजून पुढच्या रविवारी फळ्यावर लिहा, खर्चासकट.

तारखेचंही बघा. ऊसतोडीची घरं दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी तुमची पंधरा-वीस घरं फडावर असणार. सण ऑक्टोबरच्या सुरुवातीला घ्या, बाजरी तोवर आलेली असते. नाहीतर एप्रिलमध्ये त्यांच्यासाठी वेगळी उपकारस्तुती ठेवा. आगाऊ घेतलेली उचल फिटली हे सांगायला त्यांनाही वेदी हवी.

पेटीवाला

साक्षीबद्दल लिहितो. "कोणाला साक्ष द्यायची आहे का?" असं भर सभेत विचारलं की धीट माणूसच उठणार. गुरुवारीच तीन घरांना निरोप द्या, वस्तीवार पाळी लावा. प्रत्येकी दोन मिनिटं. वेळ संपली की पेटीवर कोरसाचा सूर धरायचा. कोणाला खाली बसवल्यासारखं होत नाही आणि साक्ष मात्र थांबते.

सांगणाऱ्याला आधी तीन प्रश्न द्या: काय झालं, कधी झालं, कोणाच्या हातून झालं. "प्रभूने सर्व गरजा पुरवल्या" यात ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. "मंगळवारी मोटर जळाली, शेजारच्या वस्तीवरून दोन दिवस पाणी मिळालं, कांद्याचं रोप वाचलं" ही साक्ष झाली. तिसरा प्रश्न गाळू नका. देवाचे उपकार मानताना पाणी देणाराही दिसला पाहिजे, मग तो आपल्या मंडळीतला असो वा नसो. दुसऱ्याच्या आजाराची गोष्ट मात्र त्याला विचारल्याशिवाय नको.

बुधवारच्या प्रार्थनासभेला एक फुलस्केप वही ठेवा. डाव्या पानावर विनंती आणि तारीख, उजव्या पानावर उत्तर आणि तारीख. बहुतेक मंडळ्यांत विनंत्यांची यादी असते, उत्तरांची नसते. त्यामुळे मागून झालं की विसरायलाही होतं. महिन्याच्या शेवटच्या बुधवारी फक्त उजवी पानं वाचायची. डावीकडच्या ज्या ओळींना उत्तर नाही त्या तशाच ठेवा. "देवाची इच्छा नव्हती" असं आपण लिहू नये.

आता आभारप्रदर्शन. "यांचे मोलाचे सहकार्य लाभले" हे वाक्य कोणालाही लागू पडतं, म्हणून त्यात नाव राहिलं की तेवढंच दिसतं. नावांच्या यादीऐवजी कामं बोला, आणि कामाचा उपयोग सांगा: "साडेसातला येऊन सतरंज्या बाहेर झटकल्या, म्हणून दम्याच्या लोकांना आत बसता आलं." एका वेळी तीन कामं पुरेत, बाकीची पुढच्या रविवारी. कोणाचं काम कधी सांगितलं याची नोंद सेक्रेटरीने ठेवावी, म्हणजे वर्षात कोणी सुटत नाही. भांडी घासणारे आणि संडास धुणारे आधी घ्या, कमिटी शेवटी. शाल-श्रीफळ वेदीपाशी नको. द्यायचंच असेल तर भक्तीनंतर हॉलमध्ये चहाबरोबर.

संडे स्कूलला स्तोत्र 136 द्या. 26 वचनं, प्रत्येकाच्या शेवटी देवाची दया सनातन असल्याचं तेच पालुपद. मुलांनी आठवड्यातली एकेक ओळ स्वतः करायची ("आजीचा ताप उतरला") आणि पालुपद सगळ्यांनी टाळांवर म्हणायचं. सहा वर्षांच्या पोरालाही जमतं.

दवाखान्याची_ड्यूटी

पेटीवाले भाऊ, एक भर घालते. "देवाने माझ्या मुलाला वाचवलं" ही साक्ष चालू असते तेव्हा ज्यांचं मूल वाचलं नाही ते मागच्या बाकावर बसलेले असतात. साक्ष थांबवू नका, पण त्याच भक्तीत विलापाला जागा ठेवा. स्तोत्र 13 सहाच वचनांचं आहे. सुरुवातीलाच चार वेळा "कोठवर?" असा प्रश्न येतो, गाणं येतं ते अगदी शेवटी. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, आणि तेही पवित्र शास्त्रातच आहे. साक्षीनंतर यातलं एक वाचून मिनिटभर शांत बसा.

मौतीच्या घरी भेटीला जाताना 1 थेस्सलनीकाकरांस 5:18 तोंडावर आणू नका. तिथे "सर्व स्थितीत" उपकारस्तुती करा म्हटलंय, सर्व स्थितीबद्दल नाही. दुःखात देव सोबत आहे म्हणून उपकार मानणं वेगळं, आणि अपघात झाला म्हणून आभार मानायला लावणं वेगळं. भेटीला दोघी जा, डबा न्या, वीस मिनिटं बसा. प्रार्थना करू का, असं आधी विचारा.

खजिन्याची_वही

सिस्टर, पण इफिसकरांस 5:20 मध्ये "सर्व गोष्टींबद्दल" आहे. मूळ ग्रीकमध्येही तिथला शब्दप्रयोग निराळा आहे.

दवाखान्याची_ड्यूटी

आहे, मान्य. पण ते वचन आत्म्याने भरून एकमेकांबरोबर गाणाऱ्या मंडळीला लिहिलंय. ज्याचं त्याने स्वतःच्या दुःखाबद्दल म्हणावं. दुसऱ्याच्या वतीने आपण म्हणू नये. तेराव्या स्तोत्रातही शेवटचं वचन रडणाराच म्हणतो, भेटायला आलेला नाही.

वसईची_पाखाडी

जय ख्रिस्त. आम्ही कॅथलिक, पण ओंजळीची कल्पना वाचून राहवलं नाही. मुंबईच्या ईस्ट इंडियन (इथल्या मूळ कॅथलिक समाजाच्या) गावठाणांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो: भाताच्या लोंब्या मिरवत देवळात न्यायच्या, फादर आशीर्वाद देतात. पुष्कळ ठिकाणी शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, तरी लोंब्या बाहेरून आणून सण करतात. गोव्यात राय गावी कणसांचं फेस्त 5 ऑगस्टला, म्हणजे मुख्य कापणीच्या कितीतरी आधी. अजून पाऊस किती पडेल, पीक हाती लागेल का, काहीच ठरलेलं नसतं, तरी पहिली कणसं देवळात जातात. त्या वेळी विकायला पोतंच नसतं, त्यामुळे लिलावाचा प्रश्न येत नाही!

आणखी एक. मिस्साला (आमच्या मुख्य उपासनेला) युखरिस्त म्हणतात, आणि त्या ग्रीक शब्दाचा अर्थच उपकारस्तुती. तुमच्याकडे प्रभुभोजनाचा (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा) रविवार ठरलेला असेल तर सण त्याच रविवारी घ्या आणि ओंजळी भोजनाच्या आधी वाहा. शेतातलं धान्य आणि मेजावरची भाकर एकमेकांशेजारी येतील.

पाराजवळचा_पंच

सर्वांचे आभार (काम आणि उपयोग सांगून मानायचे तर पान पुरणार नाही). ऑक्टोबरचा पहिला रविवार आमच्या प्रभुभोजनाचाच आहे, तोच कमिटीपुढे ठेवतो. एकच विचारायचं राहिलं: मागच्या तीन वर्षांच्या बोलीची उधारी 11 घरांकडे आहे. नवी रीत सुरू करताना तिचं काय करावं?

खजिन्याची_वही

सणाच्या आधी निकाल लावा. दोघांनी घरी जावं, सोबत पाळकसाहेब नकोत, नाहीतर वसुलीला धर्माचं वजन येतं. जमेल तेवढं घ्या, पावती द्या. उरलेली रक्कम ठराव करून माफ करा; ठरावात एकूण आकडा घालायचा, नावं नाहीत. वार्षिक सभेत तो आकडा एकदाच वाचायचा. आणि त्या 11 घरांना ओंजळीच्या रांगेत पुढेही काढू नका, मागेही ठेवू नका. रांग वस्तीवार लावा.