हातात धरून खेळायच्या कन्सोलला मोबाइल आणि मासिक वर्गणीच्या काळात भवितव्य आहे का?

प्रश्न — सांजतारा

नमस्कार. दहा वर्षांच्या मुलीसाठी हॅण्डहेल्ड कन्सोल घ्यावा की नाही, या विचारात मी सध्या आहे. घरात मोबाइल आणि टॅब्लेट असताना केवळ खेळण्यासाठी वेगळे यंत्र कशाला, हा प्रश्न घरातूनच विचारला गेला आणि त्याला पटेल असे उत्तर मला देता आले नाही.

याविषयी वाचू लागले तर मते अगदी दोन टोकांची दिसतात. गेमिंगच्या जागतिक उलाढालीत जवळपास निम्मा वाटा आज मोबाइलचा आहे, शिवाय दरमहा वर्गणी भरली की शेकडो गेम हव्या त्या पडद्यावर खेळता येतात, तेव्हा वेगळ्या यंत्राचे दिवस भरत आले आहेत, असे काही जण ठामपणे सांगतात. उलट निन्टेंडो कंपनीच्या स्विच या, हातात धरून किंवा टीव्हीला जोडून खेळायच्या कन्सोलची विक्री १५ कोटींच्या पुढे गेली, जून २०२५ मध्ये आलेला स्विच २ पहिल्या चार दिवसांतच ३५ लाखांहून अधिक खपला, आणि संगणकाचे गेम हातात घेऊन खेळू देणाऱ्या स्टीम डेक या यंत्राच्या मागोमाग संगणक बनवणाऱ्या कंपन्याही या क्षेत्रात उतरल्या, हेही तितकेच खरे आहे. मरू घातलेल्या वस्तूकडे इतक्या कंपन्या का धावतील?

यंत्र घेतले तर ते निदान आठ-दहा वर्षे उपयोगी पडावे, अशी माझी अपेक्षा आहे. तेवढा काळ हा प्रकार टिकेल का, आणि वर्गणीवर भिस्त ठेवावी की गेम विकत घ्यावेत, याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे.

उत्तर — जुना खेळगडी

तुमच्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात बरेचसे सापडते, म्हणून थोडे मागून सुरुवात करतो.

हॅण्डहेल्ड संपल्याची घोषणा यापूर्वीही झालेली आहे. २००८ मध्ये ॲपलचे ॲप स्टोअर सुरू झाले आणि तीन वर्षांनी, २०११ मध्ये, निन्टेंडोचा थ्रीडीएस बाजारात आला. त्याची सुरुवात इतकी मंद झाली की सहा महिन्यांच्या आत अमेरिकेतील किंमत २५० डॉलरवरून १७० डॉलरवर आणावी लागली आणि कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी स्वतःचे वेतन निम्मे केले. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेला सोनीचा व्हिटा त्या काळात अत्यंत समर्थ यंत्र होता. सुंदर पडदा, दोन ॲनालॉग स्टिक, सगळे काही होते. तरी तो चालला नाही, आणि त्याच्यानंतर सोनीने स्वतंत्रपणे गेम चालवणारा हॅण्डहेल्ड काढलेला नाही. २०२३ मधील पोर्टल हे घरातल्या प्लेस्टेशनवरचे चित्र हातातल्या पडद्यावर आणणारे यंत्र म्हणून आले.

तेव्हा ती भाकिते खोटी ठरली, असे सरसकट म्हणणे मला मान्य नाही. निन्टेंडो डीएस सुमारे १५.४ कोटी विकला गेला होता, तर थ्रीडीएस सुमारे ७.६ कोटींवर थांबला. हा निम्मा ग्राहक गेला कुठे? डीएस घेणाऱ्यांमध्ये कोडी सोडवणारे, पाळीव प्राणी सांभाळणारे, बुद्धीला चालना देणारे छोटे खेळ खेळणारे असंख्य लोक होते. त्यांना यंत्राशी देणेघेणे नव्हते, रिकामा वेळ भरून काढायचा होता. खिशात आधीच असलेल्या फोनवर तेच फुकट मिळू लागल्यावर हा वर्ग निघून गेला आणि तो परत येणार नाही.

२०१७ चा स्विच यशस्वी झाला तो मोबाइलला हरवून नव्हे. निन्टेंडोने टीव्हीचा कन्सोल आणि हातातला कन्सोल अशा दोन वेगळ्या वाटा चालवणे थांबवले आणि आपली सर्व शक्ती एकाच यंत्रामागे लावली. त्यापूर्वी कंपनीचे गेम दोन यंत्रांत विभागले जात. आता ते एकाच ठिकाणी येऊ लागले. स्टीम डेकचेही असेच आहे. लोकांनी संगणकासाठी आधीच घेतलेले गेम लिनक्सवर आधारलेल्या प्रणालीत विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या प्रोटॉन या सॉफ्टवेअरच्या मदतीने चालवता येतात, त्यामुळे २०२२ मध्ये ते यंत्र बाजारात आले त्या दिवशीच त्याच्यासाठी हजारो गेम उपलब्ध होते. स्वतःचे वेगळे, छोटे गेम असलेला निव्वळ हॅण्डहेल्ड मुख्य बाजारातून जवळपास गेला आहे. मोठे गेम कुठेही बसून खेळता येणारे यंत्र मात्र जोमात आहे, आणि पुढची आठ-दहा वर्षे ते टिकेल, असे मला निःशंकपणे वाटते.

आणखी एक गोष्ट. १९८९ मध्ये आलेल्या निन्टेंडोच्या गेम बॉय या हॅण्डहेल्डचा पडदा रंगहीन होता आणि त्याला प्रकाशही नव्हता, तर अटारीचा लिंक्स आणि सेगाचा गेम गियर रंगीत होते. गेम गियर सहा सेलवर जेमतेम तीन ते पाच तास चाले. गेम बॉय चार सेलवर त्याच्या कितीतरी पट. जिंकला तो गेम बॉय. हॅण्डहेल्ड निवडताना ताकदीच्या आकड्यांआधी बॅटरी पाहावी, हे मला आजही तितकेच खरे वाटते.

उत्तर — बटणवाला

मी एका छोट्या चमूत गेम बनवतो, आणि आम्ही मोबाइल व कन्सोल अशा दोन्हींसाठी काम केले आहे. त्यामुळे आतून जे दिसते ते सांगतो.

पहिला मुद्दा अंगठ्याचा. काचेवर काढलेल्या आभासी बटणाला कड नसते. गेम रंगात आला की डावा अंगठा नकळत सरकत जातो, दिशेच्या वर्तुळाबाहेर पडतो, आणि पात्र ऐन उडीच्या क्षणी जागच्या जागी उभे राहते. खऱ्या बटणावर अंगठ्याला कड लागते, दाबल्याची जाणीव होते, डोळे खाली न नेता हात आपली जागा शोधतो. शिवाय दोन अंगठे पडद्यावर असले की खालचे दोन्ही कोपरे झाकले जातात, म्हणून मोबाइलसाठी गेम करताना आम्ही त्या भागात महत्त्वाचे काही ठेवतच नाही. शत्रू कमी करतो, उड्या सोप्या करतो, नेम बराचसा आपोआप लागेल अशी सोय करतो. निन्टेंडोचे गुनपेई योकोई यांचे अधिक-चिन्हाच्या आकाराचे दिशाबटण १९८२ मध्ये गेम अँड वॉच या कंपनीच्या छोट्या हातातल्या खेळयंत्रावर आले, आणि चाळीसहून अधिक वर्षांनंतरही त्याला काचेवर तोड सापडलेली नाही.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो, विशेषतः मूल दहा वर्षांचे असताना. गेमचे पैसे कसे येतात, त्यावर गेम कसा घडतो हे ठरते. एकदाच किंमत घेऊन विकलेला गेम चांगला व्हावा आणि संपावा, एवढीच बनवणाऱ्याची इच्छा असते. फुकट गेमचे तसे नसते. खेळणारा उद्या परत आला का, आठवड्याने आला का, महिन्याने आला का, हे आकडे रोज समोर असतात आणि गेममधील प्रत्येक गोष्ट त्या आकड्यांकडे पाहून ठरते. ऊर्जा संपली म्हणून चार तास थांबा, नाहीतर पैसे भरा. आज आला नाहीत तर सलग हजेरीचे बक्षीस बुडेल. शंभर नाण्यांची वस्तू आणि ऐंशी नाण्यांचे पाकीट. ही सगळी योजना जाणीवपूर्वक केलेली असते. आमच्या बैठकांमध्ये अशा आकड्यांवर झालेली चर्चा मी ऐकली आहे, आणि माझ्या घरातील मुलांच्या हाती तसे गेम देण्यास माझा जीव होत नाही.

मोबाइलवर सरळ किंमत लावून पाहण्याचे प्रयत्न झालेच नाहीत, असे नाही. निन्टेंडोने २०१६ मध्ये आयफोनसाठी मारिओचा गेम काढला, त्याचा आरंभीचा भाग फुकट ठेवला आणि उरलेल्या संपूर्ण गेमसाठी एकदाच दहा डॉलर मागितले. डाउनलोड प्रचंड झाले, परंतु उत्पन्न अपेक्षेइतके आले नाही, असे कंपनीनेच पुढे सांगितले. मारिओसारख्या नावाची ही स्थिती, तर आमच्यासारख्यांनी तिथे दहा डॉलर मागण्याचे धाडस कसे करावे? स्विचवर किंवा स्टीम या संगणक-गेमच्या ऑनलाइन दुकानात येणारा माणूस गेमला किंमत असते हे गृहीत धरून येतो. छोट्या चमूंना हॅण्डहेल्ड जगावा असे मनापासून वाटते, त्याचे हेच कारण आहे.

उत्तर — एकच पडदा

वरील दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, तरी मी विरुद्ध बाजू मांडतो, कारण ती दुबळी नाही.

फोनची ताकद आता वादाचा विषय उरलेली नाही. २०२३ च्या आयफोन १५ प्रोवर घरगुती कन्सोलचे काही मोठे गेम चालू लागले. दोन्ही बाजूंनी फोनला धरून ठेवणारा कंट्रोलर लावला की बटणांचा प्रश्न मिटतो. फुकट गेममधील पैशांचा सापळा टाळायचा असेल तर ॲपल आर्केडसारखी वर्गणी आहे. तिच्यात जाहिराती नाहीत आणि गेमच्या आत वेगळी खरेदीही नाही. मुलांची आवड फार लवकर बदलते. पूर्ण किमतीला घेतलेला गेम दोन दिवसांत कंटाळवाणा झाला, तर ते पैसे वाया जातात. वर्गणीत दहा गेम चाखून एक मनापासून खेळता येतो. त्यातून वेगळे यंत्र, वेगळा चार्जर आणि काही वर्षांनी निकामी होणारी वेगळी बॅटरी हेही वाचते.

उत्तर — संग्राहक

एकच पडदा यांचा चाखून पाहण्याचा मुद्दा मला मान्य आहे, आणि त्या कामासाठी वर्गणी खरोखर चांगली आहे. परंतु वर्गणीत आपल्या हाती काय उरते, याचा विचार व्हायला हवा. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सची गेम पास ही वर्गणी २०१७ मध्ये महिना दहा डॉलरला सुरू झाली. तिच्या अल्टिमेट या सर्वांत वरच्या योजनेची किंमत ऑक्टोबर २०२५ मध्ये २० डॉलरवरून ३० डॉलर झाली. गेम यादीतून काढला जातो तेव्हा तुमचा खेळ अर्धवट राहिला आहे का, हे कोणी विचारत नाही. दूरच्या सर्व्हरवरून गेम खेळू देणारी गुगलची स्टेडिया ही सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये आली आणि जानेवारी २०२३ मध्ये बंद झाली. गुगलने खरेदीचे पैसे परत दिले, ही चांगली गोष्ट झाली, पण तसे करण्याची सक्ती दुसऱ्या कोणावर नाही.

दूरच्या सर्व्हरवर गेम चालवून त्याचे चित्र हातात आणण्याच्या पद्धतीला भौतिक मर्यादाही आहे. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या गेममध्ये प्रत्येक चित्राच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. बटण दाबल्याचा संदेश सर्व्हरकडे जाणे, तिथे चित्र तयार होणे, ते दाबून लहान करून परत पाठवणे आणि हातातल्या यंत्राने ते पुन्हा उलगडणे यांत अशी कित्येक चित्रे निघून जातात. सावकाश खेळायच्या कोडी-गेममध्ये हे जाणवत नाही. मारामारीच्या किंवा अचूक उड्यांच्या गेममध्ये लगेच जाणवते. आणि हॅण्डहेल्डची खरी गरज प्रवासात, म्हणजे नेटवर्क सर्वांत बेभरवशाचे असते तिथेच लागते.

मात्र कन्सोल कंपन्यांनाही या बाबतीत निर्दोष म्हणता येणार नाही, आणि हे मी हॅण्डहेल्डचा चाहता असूनही लिहितो. थ्रीडीएसचे ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ रोजी नव्या खरेदीसाठी बंद झाले, आणि केवळ तिथेच मिळणारे गेम रीतसर विकत घेण्याचा मार्गच उरला नाही. फोनवरची स्थिती याहून वाईट आहे. २०१७ मध्ये आयफोनच्या आयओएस ११ या प्रणालीने जुन्या पद्धतीच्या, ३२-बिट ॲपना आधार देणे थांबवले, तेव्हा ज्या गेमच्या निर्मात्यांनी नवी आवृत्ती काढली नाही ते पैसे देऊन घेतलेले असूनही नव्या प्रणालीवर उघडेनासे झाले. माझ्याकडचा गेम बॉय आणि त्याच्या कार्ट्रिज, म्हणजे यंत्रात घालायच्या गेमच्या डब्या, आजही चालतात. काही कार्ट्रिजमधील जतन केलेला खेळ टिकवणारी छोटी बॅटरी संपली, ती बदलावी लागली, एवढेच. हॅण्डहेल्डने हा गुण गमावला तर त्याच्यात आणि फोनमध्ये बटणांपलीकडे फरक उरणार नाही, अशी भीती मला वाटते, आणि हल्लीच्या काही निर्णयांमुळे ती वाढली आहे.

सांजतारा

सर्वांचे मनापासून आभार. कन्सोल घ्यायचे आता जवळपास नक्की केले आहे. बटणवाला यांनी लिहिलेले घरात वाचून दाखवले आणि त्यानंतर फारसा विरोध राहिला नाही. संग्राहक, आपण म्हणता ते 'हल्लीचे निर्णय' कोणते? गेम घेताना नेमके काय पाहावे?

संग्राहक

स्विच २ च्या अनेक गेमच्या डबीत आता गेम-की कार्ड येते. ते हुबेहूब कार्ट्रिजसारखे दिसते, पण त्यात गेम नसतो, फक्त परवानगी असते. पहिल्यांदा घातल्यावर पूर्ण गेम इंटरनेटवरून उतरवावा लागतो आणि पुढे खेळताना कार्डही यंत्रात ठेवावे लागते. ते दुसऱ्याला देता येते किंवा विकता येते, हा त्याचा फायदा. परंतु उतरवून घेण्याची सोय ज्या दिवशी बंद होईल त्या दिवसानंतर नव्या यंत्रावर ते निरुपयोगी ठरेल. डबीच्या पुढच्या बाजूला खाली तशी सूचना छापलेली असते, ती वाचूनच घ्या. निन्टेंडोचे स्वतःचे मोठे गेम बहुतांशी पूर्ण कार्ट्रिजवर येतात, आणि पहिल्या स्विचच्या बहुतेक कार्ट्रिज स्विच २ वरही चालतात, त्यामुळे सुरुवातीचे चार-पाच गेम जुन्या संग्रहातून निवडले तरी चालेल.

बॅटरीबद्दलही सांगतो. यंत्र महिनोन्‌महिने वापरायचे नसेल तर ते पूर्ण उतरलेल्या किंवा पूर्ण भरलेल्या बॅटरीनिशी ठेवू नका. निम्म्याच्या आसपास चार्ज करून थंड जागी ठेवा आणि अधूनमधून पुन्हा चार्ज करत राहा. युरोपीय संघाच्या नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढून बदलता आली पाहिजे, काही अपवाद वगळता. घाई नसेल तर त्यानंतर येणाऱ्या आवृत्त्यांवर लक्ष ठेवा, कारण आठ-दहा वर्षे यंत्र वापरायचे म्हटले तर बॅटरी एकदा तरी बदलावी लागेलच.