कपलरला मराठीत काय म्हणाल?

उकडीचा मोदक: दापोलीतल्या एका बचत गटासाठी केक सजावटीचं माहितीपत्रक मराठीत करतेय. सामान थोडंच: क्रीम भरायची पिशवी, तिच्या टोकाला लावायचं नोझल, कपलर, फिरतं स्टँड. अडलंय कपलरवर. प्लास्टिकचे दोन भाग असतात. एक पिशवीत आतून टोकाशी बसतो, दुसरी आट्यांची कडी बाहेरून आवळायची, मध्ये नोझल. म्हणजे भरलेली पिशवी रिकामी न करता नोझल बदलता येतं. 'जोडणी' लिहिलं तर एक ताई म्हणाल्या, गॅसची का?

सोलकढी: आधी नोझल कशाला? चकती म्हणा. चकलीच्या सोऱ्यात चांदणीची चकती असते, केकवरची फुलंही चांदणीनंच पडतात.

फणसगरा: चकती सपाट, हे निमुळतं. 'तोटी' म्हणा, झारीला असते तशी. आयसिंग शुगर न चाळता घातली की हिच्यात गुठळी अडकते. आमच्या घरी तिला झारीतला शुक्राचार्यच म्हणतात. दर्भ कुठला, टूथपिकनं डोळा फोडतो.

सोलकढी: तोटी ऐकलं की मला न्हाणीघर आठवतं. केकवर नको.

बांगडा: आमच्याकडे नोझल म्हणजे आंब्याच्या फवारणी पंपाचं. गड्यांनाही तोच शब्द कळतो. मूळ बघाल तर इंग्रजी 'नोज'चं लहान रूप, म्हणजे आपल्या नासिकेची चुलत बहीण. मराठीत 'नाकाडं' करा!

फणसगरा: नासिका कबूल. 'नाक' मात्र प्राकृत 'णक्क'कडून आलंय. उगाच नाती जुळवू नका.

खटखटे लाडू: रत्नागिरीच्या बाजारात तोटी मागून बघा, नळाच्या दुकानात पाठवतील. माझी आये दुधाच्या धुतलेल्या पिशवीचा कोपरा कापून फुलं काढायची. तिला विचारलं तर म्हणते, "तोटी म्हण नायतर चकती म्हण, क्रीम भायर इला म्हणजे झाला." मे महिन्यात तेही कठीणच. हाताच्या उबेनं बटरक्रीम पिशवीतच पातळ होतं आणि फुलांच्या जागी शेण पडतं.

सोलकढी: म्हणून पिशवी अर्धीच भरावी. आणि शब्द सोपा म्हणून परका घ्यायचा, तर 'सोऱ्या' तरी कशाला जपलात?

खटखटे लाडू: जपला नाही, वापरला.

उकडीचा मोदक: अहो, कपलर?

बांगडा: 'कडी' लिहा. बरं, शिरवाळ्यांच्या (तांदळाच्या शेवयांच्या) लाकडी साच्याला खाली जी जाळी असते, तिला तुमच्याकडे काय म्हणतात?