फिल्टरमध्ये काय होतं?
सिगारेटच्या जुन्या जाहिरातींबद्दल म्हटलं जातं, ‘तेव्हा कुणाला धोका माहीतच नव्हता, मग जाहिरातवाल्यांना दोष कशाला?’ हे म्हणणं मला पटत नाही. लोकांना खोकल्याची धास्ती होती म्हणून तर १९३० साली लकी स्ट्राइक या अमेरिकन सिगारेट ब्रँडने ‘२०,६७९ डॉक्टर म्हणतात, घशाला त्रास कमी’ असं छापलं. त्या डॉक्टरांना आधी सिगारेटी फुकट पाठवल्या होत्या, हे अर्थातच जाहिरातीत नव्हतं!

पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला अभिनेता रोनाल्ड रेगन चेस्टरफील्ड सिगारेटच्या जाहिरातीत झळकला, त्यावर बरंच बोललं जातं, पण मला त्याहून भयंकर वाटतो तो केंट सिगारेटचा ‘मायक्रोनाइट’ फिल्टर. १९५२ मध्ये आरोग्याला सर्वाधिक संरक्षण देणारा म्हणून तो विकायला काढला. त्यात होतं काय? निळं अ‍ॅस्बेस्टॉस, फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर करणारं. १९५६ पर्यंत लोक काळजीपोटी, मुद्दाम निवडून, त्यातूनच धूर ओढत होते.