मदत हवी आहे: बफरमधल्या गावकुत्र्यांना डिस्टेंपरची लस

विदर्भात व्याघ्रप्रकल्पालगतच्या बफर पट्ट्यातल्या गावांत कुत्र्यांना डिस्टेंपरची (कुत्र्यांपासून वाघ-सिंहांनाही होऊ शकणारा विषाणूजन्य आजार) लस द्यायची आहे. २०१८ मध्ये गीरचे सिंह या विषाणूने दगावले, तेव्हा अमेरिकेतून रीकॉम्बिनंट लस (जिच्यात डिस्टेंपरचा जिवंत विषाणू नसतो) मागवली होती. कुत्र्यांची नेहमीची लस जिवंत, क्षीण केलेल्या विषाणूची. ती वन्यप्राण्यांना टोचायचा विषयच नको. अमेरिकेतले ब्लॅक-फुटेड फेरेट (मुंगसासारखा दुर्मीळ प्राणी) अशाच लशीने मेलेत. म्हणून फक्त कुत्री.

घोडं अडतंय पिल्लांपाशी. आईकडून आलेली प्रतिपिंडं लस निकामी करतात, म्हणून ६-८ आठवड्यांपासून दर ३-४ आठवड्यांनी, १६ आठवडे भरेपर्यंत डोस हवेत. मोकाट पिल्लू दुसऱ्यांदा हाती लागतं कुठे? एकदाच सापडणार असेल तर १६ आठवड्यांपर्यंत थांबावं का? तोवर त्यालाच लागण झाली तर?

शिवाय, आइसबॉक्समध्ये बर्फाला टेकलेला लेप्टोचा (डिस्टेंपरच्या लशीसोबत येणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या लशीचा) द्रव गोठून वाया जातो. मधे पुठ्ठा पुरतो की थर्माकोल?

आणि लस दिलेल्या कुत्र्यावर खूण कशाची करता? कानाची खाच नसबंदीसाठी ठरलेली, रंग पावसात किती टिकतो? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनीच सांगा, लशीच्या पत्रकातलं पाठ आहे.