आदिवासी दिनाला कातकरी-मराठी कार्यक्रम करायचाय, पण नाच आणि सत्कार नकोत. सुचवा!

वाचनालयवाली (चौल, अलिबाग)
मंडळी, आमच्या गावामागच्या डोंगराला कातकरवाडी आहे. तिथल्या बायका जूनमध्ये शेवळं, मग टाकळा, कर्टोली, मुठे घेऊन आमच्याच ओट्यावर बसतात. पण वाडीवर जाऊन चहा प्यालेलं माणूस गावात शोधावं लागेल. वाचनालयातर्फे 9 ऑगस्टला कातकरी आणि मराठी, दोन्हींत कार्यक्रम करावा असं मी सुचवलं, तर कार्यकारिणीने अर्ध्या तासात पत्रिका केलीसुद्धा: दीपप्रज्वलन, सत्कार, वाडीवरच्या पोरींचा नाच, वडापाव, आभार. शाल-नारळाच्या यादीत वाडीवरचं एकही नाव नाही!
ऑस्ट्रेलियात अ‍ॅबोरिजिनल लोकांबरोबर, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांबरोबर, असे कार्यक्रम होतात म्हणे. कुणी पाहिलेत का?

पॅरामाटाकर
मी गुहागरची, आता सिडनीत. इथे 27 मे ते 3 जून रिकन्सिलिएशन वीक, म्हणजे समेटाचा आठवडा, असतो. तारखा पंचांग बघून काढलेल्या नाहीत. 27 मे 1967 च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांवर लोकांनी कौल दिला आणि अ‍ॅबोरिजिनल लोकांना लोकसंख्येत न मोजण्याचं कलम घटनेतून गेलं. 3 जून 1992 ला माबो खटल्याचा निकाल लागला. इंग्रज आले तेव्हा ही जमीन कुणाचीच नव्हती, हे म्हणणं कोर्टाने मोडीत काढलं.
आमच्याकडे सुरुवात पाहुण्यांपासून होत नाही. धारूग समाजातली एक आजी येते, आधी धारूगमध्ये बोलते, मग इंग्रजीत, आणि आपल्या भूमीत सगळ्यांचं स्वागत करते. याला 'वेलकम टू कंट्री' म्हणतात आणि ते त्या भूमीच्या मूळ लोकांनीच करायचं. मेयर आला तरी तो फार तर त्यांचा आदराने उल्लेख करतो. आजीचं मानधन आधीच ठरलेलं असतं. मग ओल्या पानांचा धूर करतात. डोळे चुरचुरतात, पोरं खोकतात, पण जागचं कुणी हलत नाही.
भाबडेपणा मात्र नको. सरकारने आईबापांपासून तोडलेल्या मूळ रहिवाशांच्या मुलांवरचा अहवाल 1997 चा, सरकारची माफी 13 फेब्रुवारी 2008 ला. मे 2000 मध्ये समेटासाठी हार्बर ब्रिजवरून अडीच लाखांच्या आसपास लोक चालले, आणि 2023 ला मूळ रहिवाशांना संसदेला नुसता सल्ला देणारं मंडळ द्यायलाही साठ टक्के लोक 'नाही' म्हणाले. आमच्याबरोबर चहा-केक खाणाऱ्यांतही तसे असणारच.

नानू_मुरूड
तुलना ओढूनताणून आहे. तिथे गोरे बोटीतून उतरले. इथे आपण सगळेच इथले.

वाडीवरचा (रोहा)
नानूकाका, सगळेच इथले, मान्य. मग आमच्या झोपड्या ज्या जागेवर आहेत तिचा सातबारा कुणाच्या नावावर आहे, तेवढं बघून या.
ताई, राग मानू नका, पण आश्रमशाळेत असताना दर 9 ऑगस्टला आम्हाला टेम्पोत घालून नाचायला न्यायचे. नाच आमचा आहे, तो लग्नात येतो, होळीला येतो. स्टेजवर पाच मिनिटांत उरकायला सांगितलं की त्याची गंमत जाते. त्यापेक्षा वाडीवरच्या आजीला कडूकंद दाखवायला सांगा. राख घालून कसा उकडायचा, काप वाहत्या पाण्यात किती वेळ ठेवायचे, कुठला कंद तोंडात घालायचाच नाही, हे ती आमच्या बोलीत सांगेल. मराठी तुमच्यातल्या कुणी करू नका. वाडीवरची शाळेत जाणारी पोरगी करेल. आजीचा रोज बुडेल, त्याचे पैसे द्या. सत्कार म्हणून नको, मजुरी म्हणून द्या.
आणि 9 ऑगस्टच कशाला? 25 सप्टेंबर 1930 ला उरणच्या चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, त्यातल्या हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी आहे. तुमच्या वाचनालयातल्या किती पोरांना हे नाव माहीत आहे? सप्टेंबरात माणसंही वाडीवर सापडतील. दिवाळीनंतर उचल (आगाऊ मजुरी) घेतलेली घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात, मग पाऊस तोंडावर येईपर्यंत वाडीत म्हातारी आणि कोंबड्या.

वाचनालयवाली
राग कसला, कार्यकारिणीला हे छापूनच देते. 25 ला चिरनेरलाच कार्यक्रम असतो, तिकडे जाणारे जातील, म्हणून आपण त्याच्या पुढचा रविवार धरू. जागा वाचनालय नाही, वाडीवरचं समाजमंदिर. स्वागत त्यांचं, आपण पाहुणे, आणि नारळ घेऊन जायचे ते आपण. आमचे अध्यक्ष कुरकुरतायत की भाषण कधी. शेवटी देऊ, लोक जेवायला बसल्यावर.
वाडीवर विचारून आले. कडूकंदाला आजी तयार आहे, पण 'आधी पोरांच्या दाखल्यांचं बघा' म्हणाली. तर तलाठी भाऊसाहेबांना रविवारी कसं आणायचं?

नानू_मुरूड
नुसत्या तलाठ्याने भागणार नाही. मी महसुलात होतो. जातीचा दाखला प्रांताधिकाऱ्यांकडून निघतो आणि 1950 च्या आधीचा रहिवासाचा पुरावा मागतात. भट्टीमागे फिरणाऱ्या माणसाकडे तो कुठून असणार? गृहचौकशी, म्हणजे अधिकाऱ्यांनी वाडीवर येऊन करायची चौकशी, मागा. त्या रविवारी सेतूवाल्याला लॅपटॉप घेऊन बसवा आणि अर्ज तिथेच भरून घ्या. त्याआधी एखाद्या दिवशी शाळेतून आजोबा-पणजोबांची जुनी नोंद मिळते का बघा, एखादी सापडली की सगळ्या भावकीला चालते. अर्ज लिहायला मी येतो. जेवण तिथेच ना?