पायाच्या जखमेला हायड्रोजेल कुठलं? ट्यूब, चांदीवाली की शीट? लवकर सांगा (कोल्हापूर)

पंचगंगाकाठ
सरळ प्रश्न आहे. पायाच्या जखमेवरचा पिवळा बुळबुळीत थर निघायला हायड्रोजेल सांगितलंय. दुकानदारानं काउंटरवर तीन प्रकार मांडले. साधी ट्यूब, चांदीवाली ट्यूब आणि पारदर्शक जेलीच्या वडीसारखी शीट. फरक विचारला तर "सगळं एकच हाय, परवडंल ते न्या." पंधरा दिवस साध्या ट्यूबवर आहोत, रोज मी स्वतः ड्रेसिंग करतो. थर आहे तिथंच आहे, उलट जखम कडेनं पसरल्यासारखी वाटते. आता यातलं दुसरं कुठलं घेऊ? वापरलेल्यांनीच सांगा. "डॉक्टरला दाखवा" सांगायला येऊ नका, दाखवून झालंय.

कृष्णाकाठी
भावा, पाय कुणाचा? जखम कुठं? किती दिवसांची? शुगर आहे का? जेल म्हणजे काय साबण आहे होय, कुठलाही घेऊन चालायला?

पंचगंगाकाठ
आण्णांचा, म्हणजे सासऱ्यांचा. घोट्यापाशी. बरेच दिवस झाले. शुगर बॉर्डरला आहे. आणि भावा नाही, वहिनी आहे.

कृष्णाकाठी
मग "मी करतो" काय?

पंचगंगाकाठ
कोल्हापुरात बायका पण "मी आलो, मी करतो" म्हणतात. सांगलीला जाऊन विसरलासा काय? जेलचं बोला.

मोहोळवाला
जेल-बिल सोडा, मध लावा. हे आजीबाईचं ज्ञान नाही. आयर्लंडमध्ये पायाच्या शिरा बिघडून झालेल्या जखमांच्या 108 पेशंटवर मनुका मध (मनुक्यांचा नव्हे, न्यूझीलंडकडच्या मनुका झुडपाच्या फुलांचा) विरुद्ध हायड्रोजेल असा प्रयोग झालाय. चार आठवड्यांत मधानं थर सरासरी 67 टक्के कमी झाला, जेलनं 53 टक्के. माझ्याकडं आजऱ्याचा रानमध आहे, लागला तर सांगा.

निवृत्त_सिस्टर
ताई, बरेच दिवस म्हणजे किती? घोट्याच्या आतल्या बाजूला का बाहेरच्या? ड्रेसिंग काढताना चिकटून निघतं का चिंब असतं? भोवतीची कातडी काळपट तांबूस आणि कडक झालीय का? आण्णा काम काय करायचे? एवढं सांगा, मग ट्यूब का शीट ते बघू.

तालमीतला
माझ्या अनुभवानं जखम उघडी ठेवायची. दोन तास उन्हात पाय, वारा लागला की खपली धरते. आमच्या वस्तादांनी आयुष्यात पट्टी बांधली नाही.

पंचगंगाकाठ
गेल्या वर्षीच्या गणपतीत सायकलचं पेडल लागलं, तेव्हापासून. चौदा महिने झाले. आतली बाजू. भोवती चहाचे डाग पडल्यासारखी कातडी आहे, ती त्याआधीपासूनच. आण्णा गुळव्या होते, चाळीस वर्षं काहिलीसमोर उभं राहून काढली. ड्रेसिंग चिंब असतं. सकाळी केलेलं चारला भिजतं, पायजम्याला पिवळा डाग पडतो, म्हणून ते पाव्हणे आले की पाय घोंगड्याखाली घेऊन बसतात. जखमेची कड धुणं धुतल्यावर बोटं होतात तशी पांढरी, सुरकुतलेली. ट्यूब एकच आहे, पुरवून वापरतोय. फ्रिजच्या दारात लोणच्याशेजारी ठेवलीय, थंड लावलं की त्यांना बरं वाटतं.

निवृत्त_सिस्टर
अगं बाई. पहिली गोष्ट, ती ट्यूब आजच्या आज टाक. उघडेपर्यंतच ती निर्जंतुक असते. वेष्टनावर वेगळं लिहिलेलं नसेल तर एका ड्रेसिंगला वापरायची, उरली तर फेकायची. जीव तुटतो, माहीत आहे, पण चौदा महिन्यांच्या जखमेत शिळं जेल नको.

दुसरी गोष्ट, हायड्रोजेलमध्ये बहुतेक पाणीच असतं. कोरड्या, घट्ट बसलेल्या थराला ते पाणी देतं, थर फुगतो, सैल होतो. तुमची जखम आधीच पाझरतेय. भरल्या शेतात पाट सोडलासा. कड पांढरी पडली ती त्यानंच, आणि तशी कातडी सुटत जाते म्हणून जखम पसरल्यासारखी दिसते. तुम्हाला पाणी देणारं नाही, पाणी पिणारं ड्रेसिंग पाहिजे. अल्जिनेट (समुद्री शेवाळापासून केलेलं) नाहीतर स्पंजासारखं फोम. कडेला झिंकचं मलम.

फेसाळ
हायड्रोजन पेरॉक्साइड ओता. फेस येतो म्हणजे घाण बाहेर पडते. साधं गणित.

रात्रपाळी_डॉक
फेस घाणीचा नसतो. पेशींमधल्या एका एन्झाइमशी पेरॉक्साइडची गाठ पडली की फेस येतो, धडधाकट पेशींवर पण येतो. रोज ओतलं तर नवी कातडी भाजेल. आणि तालमीतले, उन्हात वाळवायचं पण नको. विंटर नावाच्या संशोधकानं 1962 मध्ये डुकरांच्या जखमांवर दाखवलं की ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी साधारण दुप्पट वेगानं चढते. ओलावा राखणारी आजची बहुतेक ड्रेसिंग त्याच्यापुढची. फक्त ओलसर म्हणजे चिखल नव्हे.

वहिनी, मूळ प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही, ते देतो. ट्यूबमधलं जेल खड्ड्यात, कोपऱ्यात जातं, पण त्यावर दुसरं ड्रेसिंग लागतंच. शीट सपाट, उथळ, कमी पाझरणाऱ्या जखमेला. भाजल्यावर गार वाटतं ते तिच्यामुळं. चांदी जंतूंसाठी असते, थर काढायला नाही. लाली, ताप, वाढता ठणका, घाण वास असं काही असेल तर ठरावीक दिवस, कायम नाही. काही जेलमध्ये अल्जिनेट मिसळलेलं असतं, ते थोडं पाणी ओढतं. काहींत प्रॉपिलीन ग्लायकॉल हे ओलावा धरणारं रसायन असतं, एखाद्याला ते चुरचुरतं. बाकी या ट्यूबपेक्षा ती ट्यूब बरी, असं छातीठोक सांगण्याजोगा पुरावा नाही. 2022 मध्ये कॉक्रेननं, म्हणजे उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेनं, शिरांच्या जखमा आणि हायड्रोजेल यावर आढावा घेतला. हाताला लागले चार प्रयोग, मिळून 272 पेशंट. जेलनं जखम लवकर भरते का, हे त्यावरून ठरवता आलं नाही.

मोहोळवाल्यांचे आकडे बरोबर आहेत, पण त्या प्रयोगातला मध किरणांनी निर्जंतुक केलेला होता, आणि थरातला तो फरक नशिबानं आला असेल ही शक्यता पुरती बाद होत नव्हती. आजऱ्याचा मध पोळीला ठेवा.

मोहोळवाला
म्हणजे डॉक्टरांचं ते विज्ञान, आमचा तो धंदा.

कृष्णाकाठी
अळ्या सोडतात म्हणे जखमेत? मेलेलं तेवढं खातात. खरं का?

रात्रपाळी_डॉक
खरं आहे. इंग्लंडात 267 पेशंटवर अळ्या विरुद्ध हायड्रोजेल करून बघितलं, 2009 मध्ये छापून आलं. अळ्यांनी जखम बरीच लवकर साफ झाली, दुखलं जास्त, आणि भरायला वेळ मात्र तेवढाच लागला. वहिनी, तुम्हाला हेच सांगायचंय. थर निघाला म्हणजे जखम भरली असं नाही. आण्णांच्या पायातल्या शिरांच्या झडपा गेल्यात, अशुद्ध रक्त वर चढत नाही, घोट्याशी तुंबतं, आणि त्याच्या दाबानं पाणी जखमेतून पाझरतंय. वरून काहीही लावा, खालून गळती चालूच. त्याला पट्ट्यांचा दाब. कुणी बांधून बघितला का?

पंचगंगाकाठ
क्रेप बँडेज दिलं होतं एकानं. सैल होऊन टाचेत गोळा व्हायचं, आण्णांनी काढून दारातल्या पेरूला बांधलं. घट्ट बांधू का मग?

निवृत्त_सिस्टर
थांब! घट्ट नको. आधी पायाची नाडी बघायला हवी.

रात्रपाळी_डॉक
सिस्टरशी सहमत. फक्त सुजलेल्या पायात नाडी बोटाला लागतेच असं नाही, डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह ऐकवणारं मशीन, पाहिजे. घोट्याचं वरचं बीपी भागिले हाताचं वरचं बीपी. 0.8 च्या खाली आलं तर पूर्ण दाब बांधायचा नाही, पाय जाऊ शकतो. 1.3 च्या वर आलं तरी खूश व्हायचं नाही. शुगरवाल्यांच्या धमन्या कडक होतात आणि आकडा खोटा मोठा येतो. आणि "बॉर्डरला" हे शुगरचं माप नाही, एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी, किती?

निवृत्त_सिस्टर
डॉक्टर, तुमच्या जन्माच्या आधीपासून मी बोटानं नाडी बघितलीय, एकदा चुकले नाही.

रात्रपाळी_डॉक
चुकलेले पेशंट परत तुमच्याकडं आले नसतील, सिस्टर. राग मानू नका. वहिनी, अजून एक. चौदा महिने जखम हटत नसेल तर कडेचा तुकडा तपासायला द्या. जुन्या जखमेत क्वचित कॅन्सर धरतो. घाबरवत नाही, पण विचारा. थोरल्या दवाखान्यात सर्जरीच्या ओपीडीला गेलात तरी चालेल.

तालमीतला
सीपीआरला, म्हणजे त्याच थोरल्या दवाखान्याला, जाताना गाडी दसरा चौकातच लावा. आत जागा मिळायची नाही.

उसाचं_पोरगं
एक वेगळा प्रश्न. आण्णा गुळव्या होते म्हणताय, तर बिनकेमिकलचा गूळ कसा ओळखायचा? भेंडीचा रस घातलेला कुठं मिळतो का अजून? पिवळा धमक बघितला की संशय येतो.

पंचगंगाकाठ
इथं पाय सडायलाय आणि तुम्हाला गूळ.

पंचगंगाकाठ (चार आठवड्यांनी)
विचारलंत म्हणून नाही, पण सांगतो. राजारामपुरीतल्या एका सर्जनकडं डॉपलर केलं. घोट्याला 132, हाताला 140, म्हणजे 0.94. मशीनचा आवाज त्यांनी आण्णांनाच ऐकवला, आण्णा म्हणाले मोटेच्या चाकासारखा वाजतोय. आवाजावरून पण रक्त चांगलं वाहतंय म्हणाले. एचबीएवनसी 7.4, म्हणजे बॉर्डर कधीच ओलांडलीय, गोळी सुरू केली. तुकडा तपासला, कॅन्सर नाही. त्या दिवशी मी आईअंबाबाईला जाऊन आलो.

जेल बंद. आत अल्जिनेट, वर चार थरांचं बँडेज, घोट्याशी 40 चा दाब (बीपी मोजतात त्याच मापात) आणि गुडघ्याकडं कमी. पहिले आठ दिवस पाझर एवढा की दोनदा बदलायला लागलं, आता आठवड्यातून एकदा. पहिल्या रात्री आण्णांनी कात्री मागितली, मी लपवून ठेवली. थर अजून आहे, साधारण अर्धा. जखम मोजली, सहा सेंटिमीटरची साडेचारवर आलीय. पायजम्याला डाग नाही, पाय घोंगड्याबाहेर. बसले की पाय खुर्चीवर, आणि तिथनंच हुकूम.

आता नवीन अडचण. आंघोळीला ते बँडेज भिजवतात. पिशवी बांधली तर वरनं पाणी शिरतं. काय करू?

निवृत्त_सिस्टर
गुडघ्याखाली कोरडा टॉवेल गुंडाळ, त्यावरनं पिशवी, तोंडाला रुंद चिकटपट्टी. दोरी किंवा रबर नको, आवळतं. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसव आणि तो पाय बाजूला स्टुलावर. बोटं निळी, गार पडली किंवा ठणका वाढला तर बँडेज लगेच काढायचं आणि दवाखाना, रात्र असली तरी. ती कात्री लपवून ठेवलीयस ती हाताशी ठेव, फक्त तुझ्या.

रात्रपाळी_डॉक
आणि भरल्यावर पण दाबाचे मोजे सोडायचे नाहीत. या जखमा परत येतात.

उसाचं_पोरगं
वहिनी, आता आण्णा बरे आहेत तर गुळाचं तेवढं...

पंचगंगाकाठ
विचारलं. म्हणाले, पिवळा धमक दिसला की पुढं चालायला लागा. काळपट तांबूस घ्या.